लाल पुडीचा दोष

मामाजी,

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या औषधाच्या खोलीची कडी काढली. आत पाऊल टाकण्याआधी पदर नाकाला लावला. त्या खोलीतली भट्टी सात वर्षं थंड आहे, हे मला ठाऊक होतं. तरी हात आपोआप वर गेला. उंबऱ्यावर उभी राहून मी आधी भिंतीकडे पाहिलं, मग छपराकडे, मग जमिनीच्या भेगांकडे. त्यानंतरच आत गेले.

सुनेनं सासऱ्याला असं लिहू नये, असं लोक म्हणतील. म्हणोत. या घरात मी सात वर्षं तुम्हाला भ्यायले. त्यातली पहिली चार वर्षं तर तुम्हीच माझ्या नवऱ्याला मारलं, असं समजून मी तुमच्या ताटात भात वाढत होते. तुम्हाला ते कळत होतं. मी हे तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, म्हणून आता लिहिते आहे.

आधी अशी भीती नव्हती. मी दवनीवाड्याहून नवी नवरी म्हणून नवेगावला आले, तेव्हा या बांधाच्या तळ्याचं पाणी पाहूनच दबकले होते. एवढं मोठं पाणी मी पाहिलं नव्हतं. तुम्ही हसलात. "आपन कोहळी लोक व बाई," तुम्ही म्हणालात, "बापदाद्यांनी तळी बांधली, अन् मी मात्र पारा घोटून राहिलो." त्या वेळी आपल्या अंगणात रोज चार-पाच बैलगाड्या सुटलेल्या असायच्या. कोणी तापाचा, कोणी संग्रहणीचा, कोणी साप चावलेला. तुम्ही नाडी पाहायचात आणि हाक मारायचात, "बाई, लाल पुडी आन!" पारा आणि गंधक काळे होईपर्यंत घोटायचे, मग बाटलीत भरून दोन दिवस आचेवर ठेवायचे, म्हणजे बाटलीच्या गळ्याशी तो कुंकवासारखा लाल थर धरायचा. गुंजभर औषध मधात. मला ते सोन्यापेक्षा मोलाचं वाटायचं.

तुमचा हात तेव्हाही कापायचा. आयुष्यभर पारा हाताळला, त्यानं कापतो, असं तुम्ही लपवून न ठेवता सांगायचात. म्हणून पुड्यांवरची नावं लिहायला तुम्ही मला बसवलंत. दुसरी इयत्ता झालेली मी, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तुम्ही पाटी आणून मला पुन्हा ग म भ न पासून गिरवायला लावलंत. आज हे लिहिते आहे ते त्याच अक्षरात.

मग तो आश्विन आला. धान निसवलं होतं आणि घरोघर ताप होता. तुमचा लेक महिनाभर बांधाच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी जात होता. शेतातल्या लहान तळ्याची, आपल्या बोडीची, पाळ फुटली आहे, मजूर लावून ती दुरुस्त करतो आहे, असं सांगायचा. त्याच्या हिरड्या सुजल्या होत्या. रात्रीतून उशी लाळेनं भिजायची. बोललं की अंगावर धावून यायचा, हातातला पेला थरथरायचा. मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही त्याचं तोंड उघडून पाहिलंत आणि तुमचा चेहरा असा झाला की मीच घाबरले.

"काय खाऊन राहिला तू?" तुम्ही विचारलंत.

"काई नाही."

"माझ्या खोलीत गेला होतास?"

"नाही म्हटलं ना!"

त्याच आठवड्यात सोमा गेला. आपल्या पाळीवरच्या वस्तीतला, भात्यासारखी छाती असलेला सोमा. दोन दिवस खोकत होता, श्वास धरता येत नव्हता, हिरड्यांतून रक्त. पंधरवड्यापूर्वी त्याला ताप होता आणि त्यानं तुमच्याकडून लाल पुडी नेली होती. सगळ्या गावाला ते ठाऊक होतं. त्याची बायको फुलाबाई आपल्या अंगणात येऊन उभी राहिली आणि तिनं तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुम्ही ओसरीवर बसून होतात.

तिसऱ्या दिवशी तुमचा लेक पडला. तसाच खोकला, तसाच श्वास. तुम्ही त्याच्या तोंडाशी कान नेलात. तो काहीतरी बोलला. मी त्याच्या पायांशी होते, मला ऐकू आलं नाही. तुम्ही उठलात आणि घराबाहेर पडलात. आपला एकुलता एक मुलगा मरणाला टेकलेला असताना बाप कुठे गेला, हे मला कळेना. ऊन कलल्यावर तुम्ही परत आलात. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेलं. विहिरीवर बसून तुम्ही हात धुतलेत. राखेनं धुतलेत, मातीनं धुतलेत, पुन्हा राखेनं. मी दारातून पाहत होते. तेव्हाच माझ्या मनात ते शिरलं. हा माणूस काहीतरी पुरून आला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पंच बसले. तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "पुडी कच्ची राहिली. माझ्या हातून चूक झाली. सोमाचाही दोष माझा, लेकाचाही माझाच." त्यानंतर आपल्या अंगणात एक बैलगाडी सुटली नाही.

माझा भाऊ न्यायला आला होता. "त्या बुढ्याच्या हातचं पानीही पिऊ नोको," म्हणाला. मी दोन वर्षांच्या सुमनला घेऊन माहेरी गेले आणि दोन महिन्यांत परत आले. भावजयीच्या घरात मायलेकी किती दिवस राहणार? शेत इथं होतं. मी परत आले खरी, पण कशी! पिण्याच्या पाण्याची घागर मी वेगळी ठेवली आणि झाकणावर दगड ठेवला. मीठ माझ्या पदराच्या गाठीत. सुमन तुमच्या मांडीवर जाऊन बसली की मी काहीतरी निमित्त काढून तिला उचलून आणायची. तुम्हाला त्या दगडाचा अर्थ समजला. एक दिवस तुम्ही म्हणालात, "बाई, माझं ताट ओसरीवरच देत जा. मले आत येवाले गुडघे दुखतेत." तुमचे गुडघे ठणठणीत होते. त्या दिवसापासून तुम्ही स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाहीत. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं, मामाजी. तेव्हा खरंच मला तेवढंच वाटलं.

सुमनला ताप आला तो लढाईच्या दिवसांत. सातवं वर्ष लागलं होतं तिला. थंडी वाजून ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. चौथ्या दिवशी पोर बरळायला लागली. गोंदियाला माणूस पाठवला, तो हात हलवत परत आला. तापावरचं कोयनेल सगळं पलटणीकडे जात होतं, दवाखान्यात गोळी नव्हती. भर दुपारी तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराशी आलात. हातात वाटी होती.

"बाई, पोरीले पाज."

"काय आहे त्यात?"

"सातवनीच्या सालीचा काढा. चिरायता. दुसरा काई नाही."

मी वाटी घेतली आणि तुमच्यासमोर अंगणात ओतली. तुम्ही रिकामी वाटी उचललीत. परत गेलात. तासाभरानं पुन्हा आलात, पुन्हा वाटी. मी पुन्हा ओतली. मी ओरडत होते, "एकाला खाल्लंत, आता हिलाही खायचं आहे का?" पहिल्यांदा आणि शेवटचं मी तुमच्याशी तसं बोलले. शेजारची माणसं कुडाजवळ जमली होती. त्यांतलं कोणी तुमच्या बाजूनं बोललं नाही, कोणी माझ्याही बाजूनं बोललं नाही. सगळे नुसते पाहत होते.

तिसऱ्यांदा तुम्ही वाटी घेऊन आलात तेव्हा उंबऱ्याबाहेर खाली बसलात. अर्धा काढा स्वतः प्यालात. "मी इथंच बसतो," म्हणालात. "मले काई झाला तर नोको पाजू." मी तुमच्याकडे पाहत राहिले आणि आत पोर कण्हत होती. शेवटी उरलेल्यातला घोट मी घेतला. जीभ जळाल्यासारखी कडू. मग तिला पाजला.

पुढचे दहा दिवस मी रोज सकाळी उठल्याबरोबर सुमनचा ओठ वर करून हिरड्या पाहायची. काळी रेघ दिसते का, सूज आहे का, उशी भिजली आहे का. आधी तिच्या, मग आरशात माझ्या. ताप काढ्यानंतर चौथ्या दिवशी उतरला होता. माझी भीती मात्र उतरत नव्हती. अकराव्या दिवशी पोरगी म्हणाली, "आई, तू माझे दात काऊन मोजतेस?" तेव्हा मी थांबले.

त्याच हिवाळ्यात देवीची लस टोचणारा डॉक्टर आला होता. म्हातारा, शांत माणूस. त्याला पाणी देताना मी धीर करून विचारलं की कच्च्या पाऱ्याच्या पुडीनं माणूस कसा मरतो. त्यानं मला नवऱ्याच्या आजाराचं सगळं सांगायला लावलं. खोकला कधी लागला, लाळ कधीपासून, राग कधीपासून. मग म्हणाला, "बाई, पुडीनं पोट बिघडतं, लघवी बंद होते. तुम्ही सांगता ते छातीचं आहे. हा माणूस पाऱ्याच्या धुरात बसला होता. सोन्याचा मुलामा चढवणारा एक कारागीर मी असाच मरताना पाहिला आहे."

धूर. तुमची भट्टी उघड्या अंगणातल्या त्या खोलीत, चारी बाजूंनी वारा. तुम्ही त्या धुरापाशी आयुष्य काढलंत, मी वर्षानुवर्षं पुड्या बांधल्या, तुमच्या हाताच्या कापण्याखेरीज आपल्याला काही झालं नव्हतं. मग तो कोणत्या धुरात बसला होता? आणि सोमा?

मोहफुलं पडायला लागली तेव्हा मी बायकांबरोबर डोंगराकडे गेले आणि मुद्दाम मागे राहिले. आपल्या बोडीची पाळ मी पाहिली. ती कधी फुटलीच नव्हती. तिच्या वरच्या अंगाला पळसाच्या दाटीत एक झोपडी होती. कुडाच्या भिंती आतून बाहेरून लिंपलेल्या, खिडकी नाही, दार एवढंसं. बाहेर भर सकाळ होती, कोकीळ ओरडत होती. मी त्या दाराशी वाकले. आत फुटक्या मडक्याची खापरं होती. भिंतीवर छपरापर्यंत काळा-लाल डाग उसळलेला. भात्याची मातीची नळी. जमिनीच्या भेगेत काहीतरी चमकलं, मी बोट लावलं तर ते दुभंगून दोन बाजूंना पळालं. पाऱ्याचे मणी. साडेचार वर्षं झाली होती आणि ते अजून जिवंत असल्यासारखे पळत होते. मी किंचाळून मागे सरले.

तेव्हा छपराच्या वाशात खोचलेलं फडकं दिसलं. चार पदरी, दोन्ही बाजूंना बांधायचे बंद. माझ्या हिरव्या लुगड्याचं होतं. ते मीच शिवलं होतं, तुमच्या लेकासाठी. "पाळीवर धूळ फार उडते, तोंडाले बांधाले पाहिजे," असं तो म्हणाला होता. एकच शिवून घेतलं होतं त्यानं. मी विचारलं होतं, मजुरांना नको का? तो म्हणाला होता, "त्याईले सवय असते."

ते फडकं मी तुमच्यासमोर ओसरीवर ठेवलं. तुम्ही ते उलटून पाहिलंत. मग उठून वही आणलीत. तुमच्या गुरूकडून उतरवलेली. तुमच्या लेकानं फाडून नेलेलं मधलं एक पान पुन्हा आत घातलेलं होतं. तांब्याचं सोनं करण्याची कृती. शेवटी तुमच्याच अक्षरात लिहिलं होतं, धूर प्राणघातक, बंद जागी करू नये, तोंडास ओला कपडा चौपदरी बांधावा.

तुम्ही सांगितलंत. मरताना त्यानं कानात सांगितलं होतं ते. बंद मडकं तडकलं, झोपडी धुरानं भरली, दार सापडेना. भाता सोमा ओढत होता. तुम्ही जाऊन उरलेला पारा खोल पुरलात, कोणा गुराख्याच्या हाती लागू नये म्हणून. आणि परत येऊन दोष स्वतःकडे घेतलात.

"काऊन?" मी विचारलं. "मामाजी, कायले?"

"मेलेल्या पोराले खुनी म्हनू देऊ?"

"आणि मी? मी चार वर्षं..."

"तू भ्याली तेच बरा झाला. भेलेली माय पोरीवर नजर ठेवते."

मी त्या दिवशी खूप भांडले. वाचलं कोणी, केलं कोणी, लपवलं कोणी? त्यानंच. तुम्ही एकच धरून बसलात, लिहिलं कोणी? "गुरूनं सांगतला होता, हे पान उतरवू नोको. मी उतरवलो. फाडाले पाहिजे होतो, नाही फाडलो. मलेही वाटे का एखाद्या दिवशी..." तुम्हालाही सोनं हवं होतं का मामाजी? हे मला विचारायचं राहिलं. आपलं भांडण तिथंच आहे. तुमच्या मते पानाचा दोष, माझ्या मते वाचणाऱ्याचा. मी अजूनही माघार घेतलेली नाही.

ते पान आपण दोघांनी मिळून चुलीत घातलं. मग तुम्ही म्हणालात, "मी जिता हाव तोवर हे कोणाले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी तुमचं ताट आत वाढलं, घागरीवरचा दगड काढला. पण क्षमा मागितली नाही. रोज मागायची होती. तुम्हाला हातात पेला धरवत नव्हता, मी तो तुमच्या ओठांना लावायची, आणि वाटायचं आता म्हणावं. भीतीच वाटायची. तुम्ही "कशाची क्षमा?" म्हणाल याची. आणि दुसरी भीती होती ती तुम्ही मरण्याची, कारण तुम्ही मेलात की मला बोलावं लागणार होतं.

तेराव्याला गाव जेवायला आलं. जेवढं यायचं तेवढंच. फुलाबाईला बोलवायला मी स्वतः गेले होते. मला वाटलं येणार नाही. ती आली, अंगणाच्या कडेला उभी राहिली, बसली नाही. पंगत बसायच्या आधी मी सगळ्यांसमोर सांगितलं. झोपडी, मडकं, भाता. माझ्या नवऱ्याचं नाव घेऊन सांगितलं. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. पंचांपैकी एक जण म्हणाला, "बाई, मेल्या मानसाचा नाव कायले खराब करून राहिली?" मी म्हटलं, "दुसऱ्या मेल्या माणसाचं झालं आहे म्हणून."

फुलाबाई पुढे आली. तिचा चेहरा मला वाचता येत नव्हता. तिनं एवढंच विचारलं, "त्या धुरात जहर हाये, हे माझ्या मानसाले मालूम होता का?"

मला खोटं बोलता आलं असतं. दोघंही अडाणी होते, दोघंही फसले, असं. तुम्ही असता तर तसंच बोलला असता.

"नाही," मी म्हटलं. "त्याला ठाऊक नव्हतं. माझ्या नवऱ्याला ठाऊक होतं. यांनी स्वतःपुरतं फडकं शिवून घेतलं होतं. माझ्याकडून."

फुलाबाई म्हणाली, "वैद्यबाबाले मी सात वर्षं शिव्या देल्या. रस्त्यात दिसला का थुंकली." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता मारेल. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती दाराकडे निघाली होती. जेवली नाही. जाता जाता म्हणाली, "पोरीले सांगतली का?"

"नाही."

"सांग. दुसऱ्याच्या तोंडून नोको कळू देऊ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सुमनला सांगितलं. दहावं चालू आहे तिला, सगळं कळतं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि उठून निघून गेली. मी हाक मारली, ती थांबली नाही. मला वाटलं बांधाकडे गेली. मी पाळीवरून धावत गेले, मासे धरणाऱ्या ढिवरांना विचारलं, घाटाच्या पायऱ्या पाहिल्या, पाणी पाहिलं. त्या पाण्याकडे मी जशी पाहत होते, तसं मी तुमच्याकडेही कधी पाहिलं नव्हतं, मामाजी. एवढी मी कधी भ्यायले नव्हते.

ती दिवे लागायच्या आधी परत आली. केस घामानं चिकटलेले, चेहरा उन्हानं लाल.

"कुठे होतीस?"

"फुलामावशीच्या अंगणात."

"काय म्हणाली ती?"

"काई नाही. धान पाखडून राहिली होती. मी उभी होती. लय वेळ उभी होती. तिनं पाहिलंच नाही माझ्याकडे."

"मग?"

"मग म्हनली, उन्हात कायले उभी हायेस, सावलीत ये."

मामाजी, आतापर्यंत एवढंच झालं आहे.